मेंदूतील लोह आणि मुलीची आकडी

गेल्या वर्षी इंदूरहून एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले. रेघी वहीचे चार कागद, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत लिहिलेले. त्यांची मुलगी सात वर्षांची आहे. चौदाव्या महिन्यात तापाच्या भरात तिला पहिली आकडी आली. पुढे ताप नसतानाही आकड्या येऊ लागल्या. अडीच वर्षांची झाल्यावर ती चालू लागली, तीही पाय फाकवून, तोल सावरीत. अजून तिला तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही. मात्र आईचा आवाज जिन्यावर ऐकू आला की ती दाराशी येऊन उभी राहते. अनेक वर्षे ‘बुद्धीची वाढ मंद आहे’ एवढेच सांगण्यात येत होते. अखेर रक्तावरून जनुकांची परीक्षा झाली आणि अहवालात एक लांबलचक इंग्रजी नाव आले. कोणीतरी त्याचे मराठी करून दिले : ‘मेंदूत लोह साचून होणारा चेतापेशींचा ऱ्हास’.

आईने त्यातला एकच शब्द धरला, ‘लोह’. त्याच दिवशी घरातली लोखंडी कढई आणि तवा माळ्यावर गेला. मेथी, पालक, गूळ, खजूर बंद झाले. पंडुरोगासाठी डॉक्टरांनी पूर्वी दिलेले लोहाचे औषधही तिने कोणास न विचारता थांबविले. तीन महिन्यांनी मुलगी फिकट दिसू लागली, दोन जिने चढताना धापा टाकू लागली. आणि आकड्या काही कमी झाल्या नाहीत. इकडे सासूबाई आपल्या जुन्या समजुतीप्रमाणे आकडी आली की मुलीच्या मुठीत लोखंडी किल्ल्यांचा जुडगा कोंबतात. पत्राच्या शेवटी त्या भगिनी विचारतात, “एकीकडे लोखंड मुठीत द्यायचे आणि दुसरीकडे ताटातले काढून घ्यायचे, ह्यांत बरोबर कोणते?”

दोन्ही चूक, हे त्याचे उत्तर. परंतु एवढे लिहून पत्र मिटविणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. शिवाय भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या आम्हां मंडळींनाही ह्यात थोडा दोष घेतला पाहिजे. ‘लोह साचणे’ हे शब्द चूक नाहीत. पण ते वाचणाऱ्या आईला पोटातले लोह आठवते, मेंदूतले नव्हे. ह्या लेखाचा खटाटोप त्यासाठीच आहे.

प्रथम सर्वसाधारण शरीराचा विचार करू. प्रौढ माणसाच्या देहात सारे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्यातले सुमारे दोन तृतीयांश रक्तातील तांबड्या पेशींत, प्राणवायू वाहून नेण्याच्या कामी गुंतलेले असते. तांबडी पेशी साधारण एकशेवीस दिवस जगते. ती मोडली की तिच्यातले लोह फेकून दिले जात नाही, ते पुन्हा नव्या पेशीच्या घडणीत वापरले जाते. असे रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह शरीरातल्या शरीरात फिरत असते. अन्नातून मात्र रोज केवळ एक ते दोन मिलिग्रॅम आत घेतले जाते. एवढेच का, तर जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराला नाही. म्हणून ते दारातच पहारा ठेवते. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे द्रव्य हा तो पहारेकरी. साठा पुरेसा झाला की ते आतड्याला लोह घेण्यास मज्जाव करते. पालकाची एक जुडी जास्त खाल्ली म्हणून लोह अंगात तुंबेल, अशी भीती निरोगी आतड्याच्या माणसाला नको.

इतका कडक बंदोबस्त का? लोह जितके उपयोगी तितकेच दाहक आहे. हेन्री फेंटन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये दाखवून दिले की लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले म्हणजे अत्यंत तीव्र अशी ज्वलनक्रिया घडते. आपल्या पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड थोड्या प्रमाणात सतत तयार होतच असते. मोकळे लोह त्यास भेटले तर पेशीची आवरणे आणि प्रथिने त्या क्रियेत होरपळतात. ह्यास्तव शरीर लोहाला मोकळे हिंडू देत नाही. रक्तातून नेताना ते ट्रान्स्फेरिन नावाच्या प्रथिनाच्या ताब्यात असते आणि पेशीत ठेवताना फेरिटिन नावाच्या पोकळ गोलात बंद असते. फेरिटिनच्या एका गोलात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. धान्य कणगीत भरून वरून लिंपावे, तसा हा प्रकार आहे.

मेंदूलाही लोह लागते, आणि लहानपणी तर फार लागते. चेतातंतूंवरचे वेष्टण घडविण्यास, डोपामीनसारखी संदेशवाहक द्रव्ये तयार करण्यास लोहावाचून चालत नाही. परंतु मेंदू आणि रक्त ह्यांच्यामध्ये एक दाट पडदा आहे. रक्तात लोह वाढले म्हणून ते मेंदूत लोटत नाही. ज्यांना वरचेवर रक्त द्यावे लागते अशा थॅलसेमियाच्या मुलांत जास्तीचे लोह यकृतात आणि हृदयात साचते, हे आपल्या देशातील कित्येक कुटुंबांना दुर्दैवाने ठाऊक आहे. त्या मुलांचा आजार वेगळा आणि ह्या मुलीचा वेगळा, तो ह्याच कारणाने.

मेंदूच्या पोटात खोलवर चेतापेशींचे काही पुंजके आहेत. शरीराच्या हालचाली सुरळीत ठेवणे हे त्यांचे एक मुख्य काम. त्यांपैकी एकाचे लॅटिन नाव ग्लोबस पॅलिडस, म्हणजे ‘फिकट गोल’. दुसऱ्याचे सब्स्टान्शिया नायग्रा, म्हणजे ‘काळे द्रव्य’. निरोगी माणसाच्याही ह्या भागांत लोह असते. हॉलग्रेन व सूरांडर ह्या दोन स्वीडिश संशोधकांनी १९५८ मध्ये वेगवेगळ्या वयांच्या मृत व्यक्तींच्या मेंदूंतील लोह मोजून प्रसिद्ध केले. जन्मतः ह्या भागांत लोह जवळजवळ नसते. पहिल्या दोन दशकांत ते झपाट्याने वाढते, पुढे सावकाश. प्रौढाच्या ‘फिकट गोला’तील लोहाचे प्रमाण यकृताहूनही अधिक भरते. तेव्हा मेंदूत लोह असणे हा रोग नव्हे. ते प्रमाणाबाहेर जाणे आणि नको त्या रूपात राहणे, हा बिघाड आहे.

हा बिघाड प्रथम ज्यांनी लिहून ठेवला त्यांची हकीगत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९२२ मध्ये युलियुस हालरफोर्डेन आणि हुगो श्पाट्झ ह्या दोन जर्मन वैद्यांनी एका कुटुंबातील पाच बहिणींचे वर्णन केले. त्यांचे बोलणे आणि चालणे हळूहळू हरपले, बुद्धी मंदावली. मृत्यूनंतर मेंदू कापून पाहता ‘फिकट गोल’ गंजासारखा तांबूस-तपकिरी झालेला आढळला. पुढे ऐंशी वर्षे हा रोग त्या दोघांच्या नावाने ओळखला जात होता. मधल्या काळात नाझी राजवटीने मनोदुर्बल, अपंग आणि अपस्माराने पीडित अशा हजारो माणसांना, त्यांत कित्येक मुलांना, ‘निरुपयोगी’ ठरवून ठार मारले. आणि त्यांतील शेकडो मेंदू हालरफोर्डेन ह्यांनी आपल्या अभ्यासासाठी स्वीकारले. महायुद्ध संपताच, १९४५ मध्ये, त्यांच्या जबानीतून ही गोष्ट उघड झाली. तरीही नाव चालूच राहिले. नव्या शतकाच्या आरंभी कुठे वैद्यकाने ते टाकून दिले आणि ‘मेंदूत लोह साचून होणारे चेताऱ्हास’ असे वर्णनात्मक नाव रूढ केले. इंदूरच्या भगिनीला ज्या शब्दांनी घाबरविले ते शब्द असे आले आहेत. ज्या मुलांसाठी ते नाव आहे, तशीच मुले त्या राजवटीत मारली गेली होती. नाव बदलण्यास इतका उशीर का लागावा, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

ह्या नावाखाली आज एक नव्हे, दहाबारा निरनिराळे विकार मोडतात. प्रत्येकाचे जनुक वेगळे. त्यांतल्या सर्वांत परिचित विकाराचे जनुक २००१ मध्ये सापडले. ते एका जीवनसत्त्वाच्या वापराशी निगडित आहे. आपल्या पत्रातील मुलीचा विकार मात्र दुसरा. त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बीपॅन’ म्हणतात. त्याच्या मुळाशी डब्ल्यूडीआर ४५ हे जनुक आहे, हे २०१२ मध्ये कळले. तोपर्यंत अशा बहुतेक मुलींचे नेमके निदान होत नसे. बालपणी त्यांच्यावर ‘मतिमंद’ असा शिक्का बसे, आणि पंचविशीच्या आसपास त्यांना कंपवातासारखा विकार जडला की दोन्ही गोष्टींचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नसे.

‘मुली’ असे आम्ही मुद्दाम लिहिले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलींत अशी दोन गुणसूत्रे असतात आणि प्रत्येक पेशी त्यांपैकी एकच वापरते. मेरी लायन ह्या इंग्रज शास्त्रज्ञ स्त्रीने ही कल्पना १९६१ मध्ये मांडली. त्यामुळे बाधित मुलीच्या मेंदूत काही पेशी धड जनुक वापरतात, काही बिघडलेले. मुलग्याजवळ एकच एक्स असल्याने त्याला ही सवलत नाही. म्हणून असे मुलगे कमी आढळतात, आणि आढळले तर पुष्कळदा त्यांच्या अंगच्या काही थोड्याच पेशींत दोष असतो. बहुतेक सर्व मुलींत हा बदल नव्याने झालेला असतो. तो आईकडून आलेला नसतो, बापाकडूनही नसतो. पुढच्या अपत्यात तो पुन्हा होण्याचा संभव अगदी अल्प असतो. तथापि जनुकतज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा. इंदूरच्या घरात गेली पाच वर्षे ‘कोणाच्या घराण्यातले आले?’ हा वाद चालू होता असे पत्रात एका ओळीत आले आहे. ह्या वादास शास्त्राचा कसलाही आधार नाही.

आता मूळ प्रश्न : लोह का साचते?

डब्ल्यूडीआर ४५ हे जनुक जे प्रथिन घडविते त्याचा आकार सात पात्यांच्या पंख्यासारखा असतो. त्याचे काम पेशीच्या घरसफाईत मदत करण्याचे. पेशी आपल्यातील जुने, मोडके, नकोसे भाग एका पिशवीत गुंडाळते आणि ती पिशवी पाचक रसांनी भरलेल्या दुसऱ्या पिशवीत रिती करते. तेथे सारे विरघळून पुन्हा वापरात येते. ह्या क्रियेला ‘स्वभक्षण’ अशा अर्थाचे नाव बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दूव्ह ह्यांनी १९६३ मध्ये दिले. तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी ह्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चेतापेशीला ह्या सफाईची गरज सर्वांहून अधिक. कातडीची किंवा रक्ताची पेशी मरते, नवी येते. चेतापेशी बहुधा जन्मभर तीच असते. तिच्या घरातला केर तिनेच काढला पाहिजे.

फेरिटिनची कणगीही ह्याच वाटेने उघडते. लोह हवे झाले की पेशी फेरिटिनचे गोल त्या पिशवीत घालून पाचकरसाकडे पाठविते. गोल विरघळतो आणि लोह मोकळे होते. पिशवीच नीट बनली नाही तर? कणगी भरलेली राहते, पण तिचे तोंड उघडत नाही. पेशीला वाटते, आपल्यापाशी लोह नाही. ती बाहेरून आणखी मागविते. तेही कणगीत जाते. भरल्या कणगीपाशी घर उपाशी, आणि म्हणून बाजारहाट चालूच! बीपॅनमध्ये असेच घडत असावे, असे प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवरील काही अलीकडच्या प्रयोगांवरून दिसते. ही उपपत्ती सर्वांशी सिद्ध झाली आहे असे नव्हे, परंतु आज तरी तिच्यात तथ्य दिसते. आणि ती खरी असेल तर आईच्या लक्षात यावयाची गोष्ट उघड आहे. दोष बाजारातून येणाऱ्या मालात नाही, कणगीच्या तोंडात आहे. बाजार बंद केल्याने कणगी रिकामी होत नाही. उलट घरातले इतर सारेजण उपाशी राहतात.

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची, आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आकडी आधी येते, लोह मागाहून दिसते. बीपॅनच्या मुलीला आकड्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच सुरू होतात. त्या वयात तिच्या मेंदूची चुंबकीय प्रतिमा, ज्याला आपण ‘एम. आर. आय.’ म्हणतो, काढली तर ती बहुधा साधीच दिसते, किंवा काही किरकोळ बदल दाखविते. ‘काळ्या द्रव्या’तला लोहाचा गडद डाग आणि त्याभोवतीचे उजळ वलय ही ह्या विकाराची ओळखीची खूण पुष्कळदा काही वर्षांनी, वय वाढल्यावर उमटते. तेव्हा लोहामुळे आकडी आली हे गणित काळाच्या कसोटीवर उतरत नाही.

ह्यावर एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, लोहाने आकडी येते हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे ना? झाले आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतील विलमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागात लोहाचा क्षार टोचून पाहिला, आणि त्या प्राण्यांना पुनःपुन्हा आकड्या येऊ लागल्या. डोक्याला मार लागून मेंदूत रक्त सांडले की काही रुग्णांना पुढे अपस्मार का जडतो, ह्याचा उलगडा त्यातून झाला. सांडलेल्या रक्तातील लोह तेथे मोकळे होते. परंतु तो मेंदूचा पृष्ठभाग, आणि आपण बोलतो आहोत ते खोलवरचे पुंजके. अपस्माराच्या ठिणग्या बहुधा पृष्ठभागी उडतात. खोल पुंजके बिघडले म्हणजे अंग ताठरते, हात थरथरतात, चाल अडखळते. बीपॅनच्या दोन अवस्था ह्याच क्रमाने येतात. बालपणी आकडी आणि मंद वाढ. तारुण्यात ताठरपणा आणि विस्मृती. पहिलीच्या मुळाशी सफाईतला बिघाड असावा. दुसरीत साचलेल्या लोहाचा किती वाटा आणि मूळ बिघाडाचा किती, हे अजून वादाचे आहे.

म्हणून आज सात वर्षांच्या मुलीसमोरचा शत्रू आकडी हा आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांनी आकडीच्या रोगाला ‘अपस्मार’ म्हटले. स्मृतीचे काही काळ निघून जाणे, हे त्या नावात आहे. चरकाने त्याचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार भेद केले. म्हणजे हा शरीराचा रोग आहे, त्याचे प्रकार आहेत आणि त्यावर चिकित्सा आहे, एवढे त्या काळीही मान्य होते. भुताखेताची भाषाही लोकांनी त्यास चिकटविली. ह्या मुलींत आकडीचे अनेक प्रकार दिसतात. कोणाला तापात येते. कोणी क्षणभर नजर लावून स्तब्ध राहते आणि घरच्यांना ती हट्टी वाटते. कोणा तान्ह्या मुलीचे अंग झोपेतून उठताना पुनःपुन्हा झटक्याने पुढे वाकते, हात पसरतात, जणू ती वाकून सलाम करते आहे. ह्या शेवटच्या प्रकाराचे पहिले वर्णन विल्यम वेस्ट ह्या इंग्रज डॉक्टराने १८४१ मध्ये आपल्या स्वतःच्या मुलावरून केले. हा प्रकार दिसताच दिवस न दवडता बालचेतातज्ज्ञाकडे जावे. त्याची औषधे वेगळी आहेत, आणि उशिराची किंमत मुलाची बुद्धी मोजते. इतर प्रकारांसाठीही आता नाना औषधे आहेत. एकाने भागले नाही तर दुसरे, कधी दोन एकत्र. काहींना स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्ट अगदी थोडे असा वैद्याच्या देखरेखीखालचा आहार उपयोगी पडतो. औषध एकदम मात्र कधीही बंद करू नये. पुष्कळ मुलींच्या आकड्या वय वाढते तशा विरळ होतात, हेही सांगितले पाहिजे.

किल्ल्यांच्या जुडग्याविषयी आता. आकडी बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. तेवढ्या वेळात लोखंड शोधून मुठीत दिले, कांदा हुंगवला, चपलेचा वास दिला, तर थांबण्याचे श्रेय त्या वस्तूला मिळते. सासूबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी अनेकदा जुडगा दिला आणि अनेकदा आकडी थांबली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु घट्ट मिटलेली मूठ उघडण्याच्या खटपटीत बोटे दुखावतात, आणि त्याहून वाईट म्हणजे जी माणसे मुलीजवळ हवीत ती किल्ल्या शोधीत फिरतात. करावयाचे ते असे : मुलीला जमिनीवर कुशीवर निजवावे, लाळ बाहेर गळू द्यावी, गळ्याजवळची बटणे सैल करावीत, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, जवळची टोकदार वस्तू दूर सारावी. दातांत चमचा घालू नये, तोंडात पाणी ओतू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटे झाली तरी आकडी थांबत नसेल, किंवा शुद्ध येण्यापूर्वीच दुसरी आली, किंवा ओठ काळेनिळे पडले, तर रुग्णालय गाठावे. नाकात फवारण्याचे मिडाझोलाम नावाचे औषध अशा वेळेसाठी डॉक्टर घरी ठेवण्यास देतात. त्याची मात्रा वजनाप्रमाणे असते, म्हणून ती त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी.

आता ताटाकडे वळू. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७ टक्के मुले पंडुरोगी आढळली. बीपॅनची मुलगी ह्या देशातलीच मुलगी आहे. तिलाही रक्त कमी पडू शकते. लोह कमी असलेल्या लहान मुलांना तापातली आकडी अधिक येते असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे, जरी सर्वच पाहण्यांचा कौल तसा नाही. लोहाच्या उणिवेने मुलाचे शिकणे मंदावते हे तर सर्वमान्य आहे. जिचे शिकणे आधीच जड आहे तिच्यावर हा दुसरा भार कशाला? मेथी, नाचणी, गूळ, डाळी, घरात चालत असल्यास मांसमासळी, आणि वर लिंबाची फोड, हे तिला इतर भावंडांप्रमाणेच द्यावे. कढई माळ्यावरून खाली आणावी. लोहाचे औषध मात्र आपल्या मनाने थांबवू नये तसे आपल्या मनाने सुरूही करू नये. रक्तातील हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून डॉक्टर ते ठरवितात. रक्तातले फेरिटिन मेंदूतील लोहाविषयी काहीच सांगत नाही, हेही लक्षात ठेवावे. ते चांगले आले म्हणून मेंदू निर्धोक ठरत नाही, कमी आले म्हणून मेंदूतले लोह घटले असेही नाही.

मग मेंदूतले लोह औषधाने काढता येत नाही काय? हा प्रश्न अनेक पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. लोह पकडून शरीराबाहेर नेणारे डेफेरिप्रोन नावाचे औषध आहे. थॅलसेमियासाठी त्याला जगात सर्वप्रथम परवानगी आपल्याच देशात १९९० नंतरच्या दशकात मिळाली. ते मेंदूचा पडदा ओलांडू शकते. म्हणून लोहसंचयाच्या त्या दुसऱ्या, २००१ मध्ये जनुक सापडलेल्या विकारात त्याची रीतसर परीक्षा करण्यात आली. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी आणि इटली येथील ८८ रुग्ण, दीड वर्षाचा काळ. काहींना औषध, काहींना तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रव्य. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘फिकट गोला’तले लोह खरोखर घटले. परंतु रुग्णांच्या अंगातला ताठरपणा आणि त्यांचे दैनंदिन जीवन ह्यांत निर्णायक म्हणता येईल असा फरक पडला नाही. गंज खरवडला, पण यंत्र काही पूर्ववत झाले नाही. बीपॅनमध्ये तर ह्या औषधाचा लाभ सिद्ध झालेला नाहीच. शिवाय ते रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटवू शकते. जो कोणी ‘मेंदूतले लोह काढून देतो’ अशी जाहिरात करीत असेल, चूर्णाने असो वा सलाईनने, त्याच्या दारी पैसा आणि मुलीचे रक्त दोन्ही खर्च करू नयेत.

राहता राहिला भविष्याचा प्रश्न. पत्रात तो विचारलेला नव्हता, पण दोन ओळींच्या मध्ये होता. लपविण्यात अर्थ नाही. बालपणात ह्या मुली मागे पडतात, तरी त्यांची प्रगती सावकाश का होईना चालू असते. पुष्कळजणी चालतात, काही शब्द किंवा खुणा शिकतात, माणसे ओळखतात, हसतात. मग बहुधा किशोरवय सरता सरता किंवा विशी-पंचविशीत उतार लागतो. लेव्होडोपा हे कंपवाताचे औषध त्या वेळी काही काळ गुण देते. पुढे त्याचेच उपद्रव सुरू होतात. मूळ बिघाड दुरुस्त करणारा उपाय आज उपलब्ध नाही. संशोधन चालू आहे. ह्याचा अर्थ असा की मिळालेली पंधरा-वीस वर्षे ही शिकण्याची वर्षे आहेत. चालण्याचा व्यायाम, बोटाने चित्र दाखवून मागणे, स्वतःच्या हाताने घास घेणे, ह्यांचा सराव आज करावयाचा, निदान पूर्ण होण्याची वाट पाहत नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात बौद्धिक अक्षमता आणि दीर्घकालीन चेताविकार ह्या दोहोंचा समावेश आहे. त्यानुसार प्रमाणपत्र काढून ठेवावे. आकडी येते एवढ्या कारणावरून शाळेने मुलीला नाकारणे त्या कायद्याच्या हेतूस धरून नाही.

हे सारे आम्ही त्या भगिनीला पत्राने कळविले, आणि कोणताही निर्णय घेण्यापूर्वी मुलीच्या डॉक्टरांना आमचे पत्र दाखविण्यास सांगितले. दोन महिन्यांनी उत्तर आले. ह्या खेपेस एकच कागद होता. रक्त तपासता हिमोग्लोबिन फारच कमी निघाले. लोहाचे औषध पुन्हा सुरू झाले आहे. आकडीच्या औषधाची मात्राही डॉक्टरांनी वाढविली, कारण मुलीचे वजन वाढले होते आणि मात्रा मात्र दोन वर्षांपूर्वीचीच राहिली होती. ही गोष्ट लोहाच्या भानगडीत कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. आकड्या आठवड्यास चार होत्या, त्या महिन्यास दोन-तीनांवर आल्या आहेत. सासूबाईंकडे आता घड्याळाचे काम दिले आहे. आकडी सुरू झाली की त्या भिंतीवरच्या घड्याळासमोर उभ्या राहून मोठ्याने मिनिटे मोजतात आणि मागाहून वहीत लिहून ठेवतात. किल्ल्यांचा जुडगा त्या अजूनही कंबरेला खोचून ठेवतात, पण तो कोठीच्या कुलपासाठी.